रेघेपर्यंतची आरी

फोन आला तेव्हा मी कैऱ्या फोडत बसले होते. भद्रावतीला मुलाच्या क्वार्टरच्या मागच्या ओट्यावर, समोर अडकित्ता, दोन्ही हात चिकानं भरलेले. सुनेनं फोन माझ्या कानाला लावून धरला. पलीकडे सायत्राबाई होत्या. त्या फोनवर नेहमी ओरडूनच बोलतात, म्हणून मी सवयीनं कान जरा लांब नेला, पण त्या ओरडल्या नाहीत. "बाई, बुढा गेला. सकाळी उठवाले गेली तं उठलाच नाई," एवढं हळू आवाजात सांगून थांबल्या... मग म्हणाल्या, "तू येते ना?" येते म्हणाले आणि पुढची कैरी अडकित्त्यात ठेवली. ती फोडली, कोय काढून टाकली, आणखी एक घेतली. सून म्हणाली, आई, राहू द्या आता. तेव्हा कुठे मला कळलं की लटारूभाऊ गेले.

भद्रावतीहून चंद्रपूर, तिथून मूल, गडचिरोली करत आरमोरी. मे अखेरचे उन्हाचे नऊ दिवस, नवतपा, चालू होता, एसटीच्या खिडकीची पट्टी हाताला चटके देत होती. पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं; अशा उन्हात मयत ठेवता येत नाही. आमची वसाहत आरमोरीच्या थोडी अलीकडे आहे. 'आमची' म्हणते खरी, पण मी तिथली नव्हे. मी सरकारी नोकरीतली, कुष्ठरोगाचं काम करणारी, आता निवृत्त. तरी ज्या ओसरीवर पस्तीसेक वर्षं चहा प्यायला ती ओसरी आपली म्हणायला काय हरकत आहे? महारोग झाला म्हणून घरानं आणि गावानं ज्यांना बाहेर काढलं, अशा माणसांनी वसवलेल्या त्या दोन ओळी घरांच्या. औषधानं रोग कधीच बरा झाला, घरी परतायचा रस्ता मात्र बहुतेकांचा बंदच राहिला. सायत्राबाई दारात बसल्या होत्या. रडून झालं होतं. मला पाहून त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती ही, "काऊन गेला असल बाई तो त्या उन्हात?"

झालं होतं असं. आदल्या दिवशी, सोमवारी, भर दुपारी लटारूभाऊ सायकल काढून कुठेतरी गेले. सायत्राबाईंना दोन दिवस ताप होता, त्या गोळी घेऊन झोपल्या होत्या. जाग आली तर भाऊ नाहीत, सायकलही नाही. दिवस कलताना परत आले ते तोंड काळंठिक्कर पडलेलं. दोन तांबे पाणी प्याले, सायत्राबाईंच्या कपाळाला मनगट लावून ताप पाहिला आणि आडवे झाले. ऊन लागलं, असं डॉक्टर म्हणाले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, काय निभाव लागणार? कुणीतरी त्यांना जंगलाकडच्या रस्त्यानं जाताना पाहिलं होतं, आणि त्याच रस्त्यावर तलावाकाठी त्यांच्या भावाचं गाव. एकोणिसाव्या वर्षी अंगावर चट्टा दिसला म्हणून ज्या घरातून त्यांना काढलं, ते घर. सायत्राबाईंच्या मनानं तेच घेतलं. "शेवटी त्याले त्याचेच मानसं आठवले बाई. मी काय, मी झोपून होती. उठवून सांगाचं तरी..." पन्नासेक वर्षांचा दोघांचा संसार, मूल ना बाळ, आणि आता हे. मी त्यांच्या शेजारी बसले.

लटारूभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं ते रक्तामुळे. नोकरीला नुकती लागले होते. कडक इस्त्रीची साडी, काखेत फायली, आणि सगळ्या जगाला शिकवायची खुमखुमी. ओसरीवर एक माणूस गुडघ्यांत चप्पल धरून शिवत होता आणि चपलेचा पांढरा पट्टा लाल होत चालला होता. मी ओरडलेच, "भाऊ, रक्त!" त्यांनी चप्पल उलटसुलट करून पाहिली आणि अगदी शांतपणे विचारलं, "माह्यं का?" त्यांचंच होतं. डाव्या तळहाताच्या कडेला आरी चांगली खोल गेली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. रोगानं दोन्ही हातांची जाणीव नेलेली. मी घाईघाईनं पट्टी बांधत होते आणि हा माणूस हसत होता. म्हणाले, "तुमाले दुखते तवा कळते, मले दिसते तवा कळते." मला तेव्हा त्यांचा रागच आला होता, हसण्यासारखं काय आहे त्यात म्हणून.

आरी म्हटलं की इकडे काहींच्या डोळ्यांसमोर करवत येते. ही ती नव्हे. वीतभरसुद्धा लांब नसते. लाकडाची मूठ, त्यातून निघालेला पोलादाचा टोकदार काटा, टोकाजवळ दोरा ओढायला बारीकशी खाच. चामडं टोचायचं, लाकडाला भोक पाडायचं, बस्स. एवढं साधं अवजार की त्यात बिघडायला काही नाही, असं मला तेव्हा वाटायचं. लटारूभाऊंनी मुठीवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ती चांगली लिंबाएवढी जाड केली होती, कारण उजव्या हाताची दोन बोटं वाकून तळव्याला टेकलेली, बारीक मूठ पकडीत बसायची नाही. हे काम काही त्यांच्या घरचं नव्हतं. घर ढिवराचं, तलावातले मासे धरणारं आणि जाळी विणणारं. वसाहतीत आल्यावर तिथल्या एका म्हाताऱ्यानं त्यांना आरी धरायला शिकवलं. पण शिवण संपली की शेवटी गाठ मारायचे ती जाळ्याचीच. ती गाठ मी शंभर चपलांत ओळखून काढीन. सायत्राबाई त्यांना वसाहतीतच भेटल्या. त्यांचीही बोटं बधिर, आणि आता तर डोळ्यांत मोतीबिंदू. लग्नात कुणी कुणाला काय दिलं असं मी एकदा गमतीनं विचारलं, तर भाऊ म्हणाले, तिनं मले भाकर देली, मी तिले चप्पल देली.

बधिर पायाच्या चपलेला खिळा चालत नाही. हे मी नोकरीभर गावोगाव सांगत फिरले. तुमच्या-माझ्या चपलेत खडा आला तर चार पावलांत आपण एका पायावर उभं राहून झटकतो. ज्याच्या पायाला जाणीवच नाही तो त्याच खड्यावर बाजाराला जाऊन येतो, रात्री पाय धुताना रक्त दिसतं, मग जखम, मग ती चिघळते. म्हणून आत मऊ रबर, खाली जाड तळ, आणि सगळं आरीनं टोचून मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवलेलं. लटारूभाऊंच्या चपला आरमोरीपासून पार अहेरीपर्यंत जायच्या. आणि अशा माणसाच्या हातून जो घोटाळा झाला तो खरं म्हणजे माझ्यामुळे झाला. हे मी आजवर कुठे लिहिलं नाही.

नोकरीचं दुसरं-तिसरं वर्ष असेल. आरमोरीच्या बाजाराच्या दिवशी चपलांचं वाटप ठेवलं होतं, वरून मोठे साहेब येणार होते. लटारूभाऊ एक दिवस जास्त मागत होते. माझ्या तोंडाचा पट्टा तेव्हाही असाच. साहेब काही तुमच्या आरीसाठी थांबणार नाहीत, असं मी त्यांना सुनावलं आणि शेवटचा जोड तर अक्षरशः त्यांच्या गुडघ्यांतून उचलून पोत्यात टाकला. त्या जोडात आरीचं टोक मोडून राहिलं होतं. तांदळाच्या दाण्याएवढं. मोडलं ते भाऊंच्या हाताला कळलं नाही, आणि ज्या बाईला तो जोड मिळाला तिच्या पायाला कळलं नाही. कळू शकेल असा एकच हात तिथे होता, माझा, आणि तो पोत्याचं तोंड बांधत होता.

ती बाई म्हणजे मैनाबाई. जंगलातल्या गोंड गावची, साधारण माझ्याच वयाची, मोहफुलं वेचणारी आणि धानाच्या बांधीत राबणारी. महिन्याभरानं दवाखान्यात आली ती पाय सुजून भोपळा झालेला. जखम साफ करताना चिमट्याला काहीतरी चमकदार लागलं. मी ते ओळखलं. मैनाबाईची दोन बोटं काढावी लागली. 'जखम कशाने' या रकान्यात मी लिहिलं, काटा. तिलाही तेच सांगितलं, काटा रुतला होता गं. नोकरी नवी होती, घाबरले होते... आज बासष्टाव्या वर्षी याहून बरं कारण माझ्याकडे नाही.

ते टोक मात्र फेकवेना. कापसात गुंडाळून मी ते लटारूभाऊंकडे नेलं. त्यांनी आरी काढली, टोक तिच्या मोडक्या तोंडाशी धरलं. बसलं बरोबर. मला वाटलं आता हा माणूस मला शिव्या घालणार, आणि घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "मैनाले काय सांगितलं?" मी खाली मान घालून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सायकलीनं तिच्या गावी गेले आणि तिच्या घरच्यांसमोर उभं राहून खरं काय ते सांगून आले. तिकडे काय बोलणं झालं ते त्यांनी कधी काढलं नाही. घरी येऊन आरी डब्यात ठेवली, डबा माळ्यावर टाकला आणि सायत्राबाईंना म्हणाले, माह्या हाताले डोळे नाई, आता मी शिवत नाई. तीन महिने शिवलं नाही. मी विनवण्या केल्या, रागावले, सायत्राबाईंनी जेवण सोडून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. चपला लागणाऱ्या माणसांना काय उत्तर द्यावं ते मला कळेना, आणि ते दिवसभर ओसरीवर रिकामे बसून राहायचे.

शेवटी मैनाबाईच आली. बैलगाडीत बसून, पायाला पट्टी. ओसरीवर चढली आणि पाय त्यांच्यापुढे लांब करून म्हणाली, "माप घे." भाऊ नाही म्हणाले. तिनं पाय मागे घेतला नाही. "तू नाई शिवत तं मी दुकानातली घालू का, खिळ्याची?" भाऊंनी त्या पायाकडे पाहिलं, मग सायत्राबाईंना म्हणाले, माळ्यावरचा डबा काढ. मी तिथेच होते. मैनाबाईनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा दुसरीकडे पाहिलं. तिच्याशी खरं बोलायची तीच वेळ होती, आणि मी चहा टाकायला आत निघून गेले.

त्या दिवशी लटारूभाऊंनी एक गोष्ट केली. चामडं कापायचा त्यांचा सागाचा एक ठोकळा होता. त्यावर त्यांनी आरी आडवी ठेवली, मुठीचं बूड ठोकळ्याच्या काठाला लावलं, आणि टोक जिथं आलं तिथं त्याच आरीनं एक रेघ कोरली. कामाला बसताना आरी रेघेवर ठेवून पाहायची, उठताना पुन्हा ठेवून पाहायची. टोक रेघेला टेकलं तर ठीक. टेकलं नाही तर टोक सापडेपर्यंत घरातून एकही चप्पल बाहेर जायची नाही. आरी दगडावर घासली की थोडी आखूड व्हायची, मग आधीच्या रेघेच्या अलीकडे नवी रेघ. अशा वर्षानुवर्षांच्या रेघा त्या ठोकळ्यावर दाटीवाटीनं बसल्या आहेत. दुसरं म्हणजे गाल. बोटांना कळत नाही, पण गालाला कळतं. म्हणून शिवून झालेली प्रत्येक चप्पल ते आतून गालाला लावून पाहायचे, टाचेपासून बोटांपर्यंत, सावकाश. पायातली वस्तू तोंडाला लावायची! येणारे-जाणारे काय काय बोलायचे. सायत्राबाई तर माझ्यासमोर म्हणायच्या, मले नाई कधी एवढ्या मायेनं गाल लावला यानं. भाऊ ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि कान लाल व्हायचे त्यांचे.

मी गेले की माझंही काम ठरलेलं. तयार चपलांची रास माझ्यापुढे यायची आणि प्रत्येकीत मी हात फिरवायची. "बाईचा हात फिरला का?" असं ते सायत्राबाईंना आतून विचारायचे, आणि फिरला म्हटल्यावर मगच जोड बांधायला घ्यायचे. त्यांना माझ्या हाताची गरज होती की मला त्या कामाची, हे मला अजून नीट सांगता येत नाही. त्या जुन्या गोष्टीवरून त्यांनी मला एका शब्दानं कधी टोचलं नाही. मी निवृत्त झाले त्या दिवशी मात्र वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक जोड हातात ठेवला. मी म्हटलं, भाऊ, माझ्या पायाला सगळं कळतं, मला कशाला ही? तर म्हणाले, कळते म्हनून का खिळ्याची घालाची? तो जोड आत्ताही दाराशी आहे. होळीला त्यांची शेवटची भेट झाली तेव्हा त्यांनी तो काढायला लावला, तळ तपासला आणि एका जागी नवा टाका घालून दिला. डोळ्यानं कमी दिसून राह्यलं बाई, म्हणाले, आता गालावरच भरवसा. शस्त्रक्रियेला चला म्हणून मी बराच वेळ भांडले. धान पेरणी झाली की जाऊ, असं ठरलं होतं.

तेरवीला पुन्हा गेले. जेवणं झाली, माणसं पांगली. सायत्राबाई म्हणाल्या, त्याचं सामान तूच नीट ठेव बाई, माह्यानं होत नाई. डब्यात चामडं कापायची रापी, दोऱ्याच्या गुंड्या, मेणाचा गोळा आणि आरी. इतक्या वर्षांची सवय म्हणून मी ठोकळा पुढे ओढला, मुठीचं बूड काठाला लावलं आणि आरी ठेवली. ती टेकली नाही. मला वाटलं चुकीची रेघ पाहतेय. चष्मा पुसला, सगळ्यांत अलीकडची रेघ बोटानं शोधली, पुन्हा ठेवली. तांदळाच्या एका दाण्याएवढी कमी. सहज विचारल्यासारखं विचारलं, शेवटचा जोड कुणाचा होता? "मैनाचा," सायत्राबाई म्हणाल्या. शनिवारी तिचा जावई आला होता. त्याला तेंदूपत्त्याच्या कामावर जायची घाई होती, म्हणून शिवून होताच घेऊन गेला. आणि त्या संध्याकाळी? त्या संध्याकाळी सायत्राबाईंना ताप भरला, भाऊ उठून चुलीकडे गेले, भात टाकला, रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवत बसले. आरी मापायची राहून गेली असणार. रविवारी काम बंद. तीच बाई आणि तशीच घाई... दोन आठवडे मैना त्या चपलेत चालत होती. सायत्राबाईंना मी काहीच बोलले नाही. उद्या मैनाला भेटून येते, एवढंच सांगितलं.

सकाळी वसाहतीतल्या एकाच्या मोटारसायकलवर निघाले. वाटेत तलावाकाठचं ते गाव लागलं, तिकडे पाहायचंही सुचलं नाही. पुढचा रस्ता खराब, शेवटचं थोडं पायी. मैनाबाई अंगणात मांडवाखाली टोपलं विणत बसली होती. केस पार पांढरे झालेले. "जोहार बाई," म्हणून उठायला लागली. पायात तो नवा जोड. मी तिला उठूच दिलं नाही, समोर मातीत फतकल मारून बसले आणि चपला काढून तिचे पाय मांडीवर घेतले. तळवे पाहिले, राहिलेल्या बोटांच्या मधल्या जागा पाहिल्या, टाच दाबून पाहिली. कुठे काही नाही. तरी जीव थाऱ्यावर येईना. चपलांच्या आत हात फिरवला. मग मी, आयुष्यात पहिल्यांदा, ती चप्पल उचलून गालाला लावली. मैनाबाई हसायला लागली. "तू पन? भाऊनं बी असंच केलं."

कधी, असं मी विचारलं. मग तिनं सगळं सांगितलं. त्या सोमवारी दुपारी तो घामानं निथळत आला, सायकल आडवी टाकली, पाणी देत होते तर तेही घेईना. आधी नवा जोड बाहेर काढ म्हणाला. सकाळी कामाला बसताना आरी कमी भरली होती. रापीनं त्यानं डाव्या चपलेची शिवण उसवली, रबर वेगळं केलं आणि बोटभर बोटभर गालावर धरत गेला. काही सापडेना. तोंड रडवेलं झालं होतं, मैनाबाई म्हणाली. मग उजवी उसवली. आणि एकदम ओरडला, "लागलं! मैना, लागलं!" गालावर रक्ताचा थेंब होता आणि माणूस आनंदानं हसत होता. माझ्या पायात काही नव्हतं गेलं तोवर, ती म्हणाली, जोड मी बाजाराच्या दिवसासाठी ठेवला होता. तिथेच बसून त्यानं दोन्ही पुन्हा शिवल्या. मी चपला उलट्या करून पाहिल्या. शेवटी जाळ्याची गाठ.

मैनाबाई आत जाऊन चुन्याची डबी घेऊन आली. तिच्यात मेणाची गोळी होती आणि गोळीत रोवलेलं ते टोक. जाताना त्यानंच तिच्या हातावर ठेवलं होतं. मागच्या वेळचं तुला दाखवलं नाही, हे आपल्या डोळ्यांनी पाहून ठेव, असं म्हणाला. ऊन उतरू दे, मग जा, असं तिनं किती सांगितलं. थांबला नाही. "सायत्रीले ताप हाये, ते उठन आन मले शोधन, म्हने," एवढं सांगताना मैनाबाईनं सहज विचारलं, "आता बरी हाये का ते?" सगळं गाव तेंदूच्या कामावर पांगलेलं, तिच्यापर्यंत काहीच पोचलं नव्हतं. ते सांगायचं माझ्याच नशिबी आलं. सांगितलं. तिनं अर्धं विणलेलं टोपलं बाजूला ठेवलं. मग मला राहवेना. मी म्हटलं, मैना, मागच्या वेळी मी तुला काटा म्हणाले होते. तो काटा नव्हता. आणि घाई भाऊंची नव्हती, माझी होती.

"मालूम हाये मले," ती म्हणाली. "त्यानं तवाच सांगितलं होतं. बाई नवीन हाये, तिची नोकरी जाईन, तिचं नाव नको घेऊ, म्हनला होता." पस्तीस वर्षं तिला माहीत होतं. पस्तीस वर्षं ती मला जोहार करत होती, मोहफुलांच्या दिवसांत पिशवीभर फुलं देत होती, आणि मी आपली मनातल्या मनात तिच्यापासून लपत होते. मी तिच्या अंगणात बसून रडले, चांगली हुंदके देऊन रडले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि तिच्या बोटांना माझी पाठ लागत नव्हती, हे मला माहीत होतं.

दुपारपर्यंत मी परत आले. सायत्राबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना सगळं सांगितलं, पहिल्यापासून, माझ्या काट्यासकट. त्या सख्ख्या भावाच्या गावाकडे लटारूभाऊंनी मानसुद्धा वळवली नसेल, हेही सांगितलं. संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मी उठीन म्हनून निघाला तो, त्या उन्हातून?" मी हो म्हटलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला, मग म्हणाल्या, मले उठवून सांगितलं असतं तं मी जाऊ देली असती का त्याले? नसतंच जाऊ दिलं. म्हणून तर उठवलं नसेल. थोड्या वेळानं त्यांनी ठोकळा आणायला सांगितला.

ओसरीत, भाऊ जिथं बसायचे त्या जागी आम्ही दोघी बसलो. मी आरी ठोकळ्यावर ठेवली, बूड काठाला लावलं. मेण नखानं खरवडून टोक मोकळं केलं आणि आरीच्या मोडक्या तोंडाशी लावलं. दोनदा निसटलं. सायत्राबाईंनी वाकून पाहिलं, पण मोतीबिंदूत त्यांना दिसेना. बोट पुढे करून चाचपलं, पण बोटाला कळेना. मग माझ्या तोंडाकडे पाहत म्हणाल्या, "टेकलं का बाई?"

"टेकलं," मी म्हणाले. आणि ते खरं होतं.